पोस्टग्रेस १८ येतोय: बीटा आपल्या डेटावर चालवून बघायचा, की नेहमीसारखी '.२' ची वाट बघायची?

मुठाकाठ | १७ ऑगस्ट २०२५, रात्री ९:४०

गुरुवारी पोस्टग्रेस या डेटाबेसच्या नव्या, १८ क्रमांकाच्या आवृत्तीचा तिसरा बीटा, म्हणजे बाहेर पडण्याआधीची चाचणी-प्रत, आला. त्याच दिवशी जुन्या आवृत्त्यांच्या, १७.६ पासून १३.२२ पर्यंतच्या दुरुस्त्याही आल्या, त्या बहुतेकांनी लावल्या असतील. बीटाकडे मात्र आपल्यात कोणी ढुंकूनही बघत नाही.

पुण्यात पोस्टग्रेसवर पोट असणारे कमी नाहीत. एंटरप्राइजडीबी या पोस्टग्रेसवर काम करणाऱ्या कंपनीचं मोठं ऑफिस इथे आहे, आणि पतसंस्था, शाळा, दवाखान्यांची सॉफ्टवेअरं लिहिणारी आमच्यासारखी दोन-तीन माणसांची दुकानंही गल्लोगल्ली आहेत. सगळे फुकट वापरतो. सप्टेंबरात नवी आवृत्ती आली की सगळे एका सुरात म्हणतो, ".० नको रे बाबा, .२ येऊ दे." (.० ही पहिली प्रत, .२ ही तिची दुसरी दुरुस्ती.) म्हणजे पहिल्या पंगतीला दुसऱ्या कोणीतरी बसावं, मीठ कमी-जास्त त्याने सांगावं, आपण आयते दुसऱ्या पंगतीला.

माझं मत असं की हे आपल्याच अंगाशी येतं. आमच्या काही पतसंस्था अजून १३ वर आहेत आणि १३ ची मुदत १३ नोव्हेंबरला संपते. त्यानंतर दुरुस्ती नाही. उडी मारायचीच आहे, तर बाहेर पडण्याआधीच १८ आपल्या डेटावर घासून का बघू नये? काही मोडलं तर ते आत्ता कळवलं तर दुरुस्त होईल.

कोणी बीटा खऱ्या कामावर चालवलाय का? आणि पुण्यातले चार जण एखाद्या रविवारी आपापल्या डेटाच्या प्रती घेऊन बसायला तयार आहेत का? ३१ तारीख कशी वाटते?

रात्रपाळी | १७ ऑगस्ट, रात्री ९:५८

.२ ची वाट बघणार. पुढचा प्रश्न.

खवट_पेठकर | १७ ऑगस्ट, रात्री १०:११

सॉफ्टवेअर फुकट, चाचणी फुकट, आता आमचा रविवारही फुकट. निदान चहा कोण पाजणार ते धाग्यात स्पष्ट लिहा.

अनघा_डीबीए | १७ ऑगस्ट, रात्री १०:३०

३१ ला गौरी आवाहन आहे. तारखा ठरवताना कॅलेंडर बघत जा हो. २४ ला चालेल.

@रात्रपाळी, '.२' मध्ये नेमकी काय जादू आहे ते मला कोणीतरी एकदा समजावून सांगा. १४ चं उदाहरण घ्या. चालू टेबलावरचं लिहिणं न थांबवता इंडेक्स (शोध लवकर लागावा म्हणून केलेली सूची) बांधायची जी सोय आहे (कॉन्करंटली), तिच्यात १४.० पासून चूक होती आणि इंडेक्स गुपचूप खराब होत होता. ती दुरुस्त झाली १४.४ मध्ये, जून २०२२ ला, तीही ठरलेल्या वेळापत्रकाबाहेर आवृत्ती काढून. १४.० आला होता सप्टेंबर २०२१ ला. म्हणजे .२ ची वाट बघून शहाण्यासारखा चढलेला माणूसही त्यात सापडलाच.

दुसरं, गेल्या नोव्हेंबरातलं. १७.१ आला १४ तारखेला. त्यात आतल्या एका रचनेचा आकार बदलला, त्यामुळे आधी बांधलेली काही एक्स्टेन्शनं (पोस्टग्रेसला जोडायच्या पुरवण्या) गडबडली. बरोबर आठवड्याने, २१ ला, १७.२ काढावा लागला. म्हणजे इथे .० ठीक होता आणि .१ ने घोळ घातला. आकड्यावर श्रद्धा ठेवण्यापेक्षा स्वतः चालवून बघा.

रात्रपाळी | १७ ऑगस्ट, रात्री १०:३४

पण १७ मध्ये .२ च बरा निघाला ना? क्यू. ई. डी.

अनघा_डीबीए | १७ ऑगस्ट, रात्री १०:३५

_/\_

वारजेकर | १८ ऑगस्ट, सकाळी ८:०५

माझा विरोध नोंदवतो. आमच्या आधीच्या एका कंपनीत (नाव नको) उत्साही मॅनेजरने .० वर शनिवारी रात्री अपग्रेड करायला लावलं. रविवारी सगळं छान. सोमवारी साडेदहाला ग्राहक लॉगिन झाले आणि जी क्वेरी डोळ्याची पापणी लवेपर्यंत यायची ती मिनिटभर घ्यायला लागली. सगळे फोनवर, मॅनेजर 'मीटिंगमध्ये'. तेव्हापासून नवीन म्हटलं की माझ्या पोटात गोळा येतो. बीटा तर लांबच.

अनघा_डीबीए | १८ ऑगस्ट, सकाळी ८:४०

@वारजेकर, अपग्रेडनंतर ॲनालाइज (टेबलांची आकडेवारी नव्याने गोळा करणारी आज्ञा) चालवलं होतं का त्यांनी?

वारजेकर | १८ ऑगस्ट, सकाळी ८:५२

नाही. ते दुपारी कोणीतरी चालवलं आणि मग सुरळीत झालं.

अनघा_डीबीए | १८ ऑगस्ट, सकाळी ९:०१

मग .० चा काय दोष? १७ पर्यंत पीजी_अपग्रेड, म्हणजे जुना डेटा नव्या आवृत्तीत नेणारं साधन, टेबलांची आकडेवारी सोबत नेतच नव्हतं. प्लॅनरला (क्वेरी कुठल्या रस्त्याने चालवायची ते ठरवणारा भाग) कुठल्या टेबलात किती ओळी, कुठली किंमत किती वेळा येते, काहीच माहीत नाही, तो अंदाजपंचे रस्ता निवडणार. .७ वर गेला असता तरी सोमवार असाच गेला असता. आणि गंमत म्हणजे १८ मध्ये नेमकं हेच सुधारलंय. आकडेवारी सोबत जाते. फक्त क्रिएट स्टॅटिस्टिक्स वापरून स्वतः केलेली वाढीव आकडेवारी जात नाही, तेवढ्यासाठी नंतर ॲनालाइज लागेल.

बिटबुचकळ्या | १८ ऑगस्ट, सकाळी ११:२०

मी नवखा आहे, हसू नका. बीटा, आरसी (रिलीजआधीची जवळजवळ पक्की प्रत), रिलीज, हे सगळं ठरवतं कोण? पोस्टग्रेसची कंपनी तर नाही ना कुठली? मालक नसताना सप्टेंबरात वेळेवर बाहेर कसं पडतं? आमच्याकडे मालक असून एक रिलीज वेळेवर झालेलं नाही.

खवट_पेठकर | १८ ऑगस्ट, सकाळी ११:२६

शेवटच्या वाक्यात उत्तर आहे. मालक नाही म्हणूनच.

टेकडीवाला | १८ ऑगस्ट, दुपारी १:४५

मी काही वर्षं पोस्टग्रेसचे पॅच (कोडमध्ये सुचवलेले बदल) वाचतोय (लिहितो कमी), त्यामुळे जरा सविस्तर. जेवून बसा.

सप्टेंबरात आवृत्ती 'तयार' होत नाही, ती फक्त बाहेर पडते. १८ चं काम मागच्या जुलैत सुरू झालं. वर्षात पाच कमिटफेस्ट, म्हणजे पॅच तपासायचे ठरलेले महिने, असतात: जुलै, सप्टेंबर, नोव्हेंबर, जानेवारी आणि मार्च. कोणीही पॅच मांडायचा, इतरांनी तो वाचून त्याची चिरफाड करायची, आणि कमिट करायचा (मुख्य कोडमध्ये घालायचा) अधिकार असलेल्या मोजक्या लोकांपैकी कोणाला पटलं तर तो आत जातो. असिंक्रोनस आयओ (डिस्कची वाट बघत न बसता वाचणं), म्हणजे १८ चं सगळ्यात गाजणारं काम, वर्षानुवर्षं असंच तुकड्या-तुकड्याने आत आलंय. ८ एप्रिलला दार बंद झालं. त्या दिवसानंतर १८ मध्ये नवीन सोय नाही, फक्त निस्तरणं.

इथून पुढचा भाग मला जास्त आवडतो, कारण त्यात कोणालाच टाळ्या मिळत नाहीत. तीन जणांची रिलीज मॅनेजमेंट टीम असते, दर आवृत्तीला नवी. त्यांच्याकडे 'ओपन आयटम्स' नावाची उघडी यादी असते. बीटात कोणाला काही खटकलं की ते यादीत. ज्याने पॅच आत घेतला त्याने ते निस्तरायचं. जमलं नाही, किंवा मुळातच रचना चुकली आहे असं दिसलं, तर पॅच उपटून बाहेर. कितीही लाडका असो.

नुसत्या धमक्या नाहीत या. १५ च्या वेळी एसक्यूएल/जेसनचं (जेसन स्वरूपातला डेटा एसक्यूएलने हाताळायचं) मोठं काम आत गेलं होतं, पहिल्या बीटाच्या जाहिरातीत झळकलं होतं. सप्टेंबर २०२२ च्या सुरुवातीला, रिलीज तोंडावर असताना, ते सगळं काढलं. त्यातलं जेसन_टेबल (जेसनमधून टेबल काढणारी सोय) लोकांच्या हातात आलं ते २०२४ ला, १७ मध्ये. दुसरं उदाहरण टेम्पोरल (काळाशी बांधलेल्या) प्रायमरी कीचं. प्रायमरी की म्हणजे टेबलातली प्रत्येक ओळ एकमेव ठेवणारं बंधन. 'ही खोली या तारखेपासून या तारखेपर्यंत एकाच्याच नावावर' असं बंधन थेट कीमध्ये घालता यावं, हा हेतू. १७ साठी आत गेलं, मे २०२४ ला बाहेर काढलं. कारण काय, तर रिकामी रेंज, म्हणजे ज्यात एकही दिवस नाही असा कालावधी. रिकामी रेंज कशावरच ओव्हरलॅप होत नाही, म्हणून त्याच खोलीच्या हव्या तेवढ्या रिकाम्या नोंदी प्रायमरी कीच्या नाकाखालून आत जायच्या. ते दुरुस्त होऊन आता १८ मध्ये येतंय. एक पूर्ण वर्ष थांबलं, पण अर्धवट प्रायमरी की कोणाच्या गळ्यात मारली नाही.

बाकी बिल्डफार्म. जगभर लोकांनी स्वतःच्या यंत्रांवर, स्वतःच्या विजेवर लावलेला ताफा. प्रत्येक यंत्राला प्राण्याचं नाव. नवीन कमिट आला की ही यंत्रं कोड बांधतात, चाचण्या चालवतात आणि लाल-हिरवा निकाल टांगतात. जुन्या ओएस, विचित्र प्रोसेसर, सगळं असतं त्यात. पण बिल्डफार्म चाचण्या कुठल्या चालवतो? कोणीतरी लिहिलेल्या, तेवढ्याच. मुठाकाठ यांच्या पतसंस्थेची ३१ मार्चची व्याज-आकारणी त्यात नाही. ती फक्त मुठाकाठ यांच्याकडे आहे. म्हणून धागाकर्त्याशी सहमत.

आणि शेवटचा आठवडा अगदी निरस असतो. सोमवारी टारबॉल (मूळ कोडचा गठ्ठा) बांधतात, पॅकेज करणारे आपापल्या डेबियन, रेडहॅट, विंडोजसाठी बांधून घेतात, गुरुवारी जाहीर.

बिटबुचकळ्या | १८ ऑगस्ट, दुपारी २:१०

वाचनखूण साठवली. दंडवत. किती बीटा काढतात साधारण?

टेकडीवाला | १८ ऑगस्ट, दुपारी २:१६

ठरलेलं नाही. १८ चे तीन झाले. १५ ला चार लागले होते.

खवट_पेठकर | १८ ऑगस्ट, दुपारी २:१८

पुण्यात १ ते ४ बंद असतं. त्यामुळे १५ चा एकही बीटा इथे कोणी बघितला नसणार.

मायसखीएसक्यूएल | १८ ऑगस्ट, संध्याकाळी ६:३०

एवढा खटाटोप! आमच्या मायएसक्यूएल डेटाबेसकडे या. ८.४ ही दीर्घ मुदतीची आवृत्ती आहे, बसा निवांत.

वारजेकर | १८ ऑगस्ट, संध्याकाळी ६:४४

निवांत? ८.० ची मुदत एप्रिल २०२६ ला संपतेय, तुमच्यातले निम्मे अजून तिथेच आहेत. आणि गेल्या वर्षी जुलैत ८.०.३८ आणि ८.४.१ दोन्ही मागे घ्यावे लागले होते, दहा हजारांच्या वर टेबलं असतील तर रीस्टार्टला सर्व्हर कोसळायचा म्हणून. दीर्घ मुदतीच्या आवृत्तीचीही पहिली पंगत असतेच.

(माझा पोस्टग्रेस बीटालाही विरोध आहेच, गैरसमज नको.)

झोपाळू_सिस्टमॅडमिन | १८ ऑगस्ट, संध्याकाळी ७:०२

एसक्यूलाइट या छोट्या डेटाबेसवाल्यांनी २०५० पर्यंत आधार द्यायचं ठरवलंय. माझ्या निवृत्तीनंतरचा प्रश्न. मी तिकडे जातो.

विदाराखण | १९ ऑगस्ट, सकाळी १०:१५

सगळे 'डेटाच्या प्रती घेऊन बसू' इतकं सहज लिहिताय, म्हणून थांबवतो. पतसंस्थेचा डेटा म्हणजे खातेदारांची नावं, पॅन, आधार, शिल्लक. तो लॅपटॉपवर घालून कर्वे रोडवरच्या कोणाच्या तरी ऑफिसात नेणार? संस्थेच्या संचालकांना विचारलंय? उद्या लॅपटॉप रिक्षात राहिला तर बीटाची चाचणी राहील बाजूला.

मुठाकाठ | १९ ऑगस्ट, सकाळी १०:५०

रास्त आहे. नावं-नंबर झाकूनच आणायचे. आमच्याकडे स्क्रिप्ट आहे, सगळ्या नावांच्या जागी 'खातेदार' घालते.

अनघा_डीबीए | १९ ऑगस्ट, सकाळी ११:२०

असं झाकलंत तर चाचणीला अर्थ उरत नाही. लाखभर खात्यांत एकच नाव असेल तर प्लॅनरला वाटणार की नावावर शोधणं म्हणजे सगळं टेबल वाचणं. इंडेक्सकडे तो बघणारही नाही. खऱ्या डेटात पाटील आणि जाधव ढिगाने, आणि काही आडनावं गावात एकच. तो उतार-चढाव टिकला पाहिजे. एका आडनावाच्या जागी दुसरं ठरावीक आडनाव घाला, वारंवारता तीच राहील. आधार-पॅन मात्र पूर्ण बदला, लांबी तेवढीच ठेवा. रकमा थोड्या हलवा.

आणि लॅपटॉप नकोच. ज्याने त्याने आपल्या ऑफिसातल्या जुन्या यंत्रावर चालवायचं, २४ ला फक्त निकाल घेऊन यायचं.

विदाराखण | १९ ऑगस्ट, सकाळी ११:३१

असं असेल तर माझा विरोध मागे. मीही येतो.

ग्रंथपाल_कोथरूड | १९ ऑगस्ट, दुपारी ४:००

आडनावांचा विषय निघालाच आहे तर माझं जुनं दुखणं मांडते. आमच्या वाचनालयाच्या सभासद यादीत 'काळे' हे 'कासार'च्या आधी येतात. आमच्या कार्ड कॅटलॉगमध्ये नेहमी नंतर असायचे, कारण आपल्या वर्णमालेत ळ येतो ह नंतर. जुने सभासद यादीत शेवटी शोधतात, सापडत नाही, मग मला हाक. हे बीटात कळवायचं का?

टेकडीवाला | १९ ऑगस्ट, संध्याकाळी ५:३०

ताई, ही पोस्टग्रेसची चूक नाही. युनिकोडमध्ये ळ ची जागा ल च्या लगेच नंतर आहे, व च्याही आधी. तुमचा डेटाबेस 'सी' लोकॅलवर बांधलेला दिसतोय, म्हणून तो नुसता संकेतांकांचा क्रम लावतो. पोस्टग्रेस १० पासून आयसीयू या लायब्ररीची कोलेशनं (भाषेनुसार क्रम लावायचे नियम) मिळतात, त्यात मराठीचं वेगळं आहे. ते एका क्वेरीपुरतं लावून तुमची यादी काढून बघा, आख्खा डेटाबेस बदलायची गरज नाही.

पण तुमच्या प्रश्नाचा आजच्या धाग्याशी फार जवळचा संबंध आहे. मजकुरावरचा इंडेक्स क्रमाने रचलेला असतो, आणि तो क्रम बरेचदा डेटाबेस नाही तर ओएसची लायब्ररी ठरवते. २०१८ मध्ये लिनक्सच्या अशा लायब्ररीची, जीलिबसीची, २.२८ आवृत्ती आली तेव्हा तो क्रम मोठ्या प्रमाणावर बदलला. लोकांनी डेबियन १० किंवा रेडहॅट ८ वर जुनी डेटा डिरेक्टरी तशीच उचलून ठेवली, आणि इंडेक्स जुन्या क्रमाचा, शोधणारा नव्या क्रमाचा. ओळ टेबलात आहे, पण शोधली तर मिळत नाही. युनिक इंडेक्स असूनही तेच नाव दुसऱ्यांदा आत. एरर कुठेच नाही. १३ वरून १८ ला जाताना बरेच जण सर्व्हरही नवा घेतील. तेव्हा मजकुरावरचे इंडेक्स रीइंडेक्स करा.

ग्रंथपाल_कोथरूड | १९ ऑगस्ट, संध्याकाळी ६:१२

समजलं. काळ्यांना न्याय मिळेल.

खवट_पेठकर | १९ ऑगस्ट, संध्याकाळी ६:२०

यादीत आम्ही कुठेही चालू, फक्त ज्ञानेश्वरीच्या आधी नंबर लावू नका.

रात्रपाळी | १९ ऑगस्ट, रात्री ११:०५

धाग्याचा काश्मीर झालाय, विषय पार भरकटलाय. २४ ला नक्की कोण येतंय?

मुठाकाठ | २४ ऑगस्ट, रात्री १०:२०

बसलो होतो आज. अनघाताई, वारजेकर (विरोध करायला म्हणून आले आणि सगळ्यात जास्त वेळ बसले), विदाराखण, बिटबुचकळ्या आणि मी. चहा मी पाजला, खवटरावांनी नोंद घ्यावी. ते स्वतः आले नाहीत.

आमचं यंत्र जुनं, फिरती डिस्क. १३ ची प्रत, शेजारी १८ बीटा ३. पीजी_अपग्रेड आधी चेकवर चालवलं, म्हणजे प्रत्यक्ष काही हलवायचं नाही, फक्त तपासणी. पहिल्याच फटक्यात थांबलं: जुन्या क्लस्टरला (सर्व्हरवरचा सगळा डेटाबेस-संच) डेटा चेकसम (डेटा बिघडला तर ओळखू येणाऱ्या खुणा) नाहीत, नव्याला आहेत. १८ पासून इनिटडीबी (नवा क्लस्टर बांधणारं साधन) चेकसम आपोआप चालू करतं, आणि दोन्हीकडे सारखं नसेल तर अपग्रेड होत नाही. इथे दोन वाटा आहेत. नवा क्लस्टर चेकसमशिवाय बांधा, तसा पर्याय दिलाय. किंवा जुना सर्व्हर बंद करून त्यावर पीजी_चेकसम्स चालवा. आम्ही दुसरं केलं, कारण पतसंस्थेची डिस्क कधी कुजायला लागेल त्याचा भरवसा नाही, आणि चेकसम असतील तर निदान कळेल तरी. मोठा डेटा असेल तर याला वेळ लागतो, रात्रीचं नियोजन करा.

मग बीटा उभा राहिला. व्याज-आकारणी चालवली. पहिल्यांदा, मेमरी थंड असताना, फरक जाणवला. दुसऱ्यांदा काहीच नाही.

अनघा_डीबीए | २४ ऑगस्ट, रात्री १०:४१

त्याचं कारण तिथेच बोललो होतो, इथल्यांसाठी लिहिते. १८ चं असिंक्रोनस आयओ सध्या वाचनापुरतं आहे: मोठं टेबल सलग वाचणं, बिटमॅप हीप स्कॅन (इंडेक्सवरून टेबलाची निवडक पानं वाचणं), व्हॅक्यूम (मेलेल्या ओळींची साफसफाई). लिहिण्याला नाही. सगळा डेटा मेमरीत बसत असेल तर डिस्कची वाट बघायचा प्रश्नच येत नाही, मग फरक कुठून दिसणार? आयओ_मेथड हे सेटिंग न बदलता 'वर्कर' असतं. लिनक्सवर आयओ_यूरिंग करून बघता येतं, आणि 'सिंक' केलं की आधीसारखी वागणूक. काही विचित्र वाटलं तर सिंकवर टाकून तेच पुन्हा चालवा, म्हणजे दोष तिथलाच की दुसरीकडचा ते कळेल.

वारजेकर | २५ ऑगस्ट, सकाळी ७:५०

मला एक 'बग' सापडला! म्हणजे सापडल्यासारखं वाटलं. आमच्या एका ग्राहकाच्या जुन्या प्रणालीतून रोज सीएसव्ही (स्वल्पविरामांनी तोडलेली डेटा-फाइल) येते आणि तिच्या शेवटच्या ओळीवर बॅकस्लॅश-टिंब (\.) असतं. वर्षानुवर्षं कॉपी फ्रॉम (फाइल टेबलात भरणारी आज्ञा) ते बघून थांबायचं. १८ वर तीच ओळ डेटा समजून वाचली आणि 'कॉलम कमी आहेत' म्हणून आख्खी फाइल फेकली. मी कळवायला निघालो होतो, बिटबुचकळ्याने रिलीज नोट्सच्या मसुद्यात शोधून काढलं: सीएसव्ही फाइल वाचताना ती खूण आता शेवट मानली जात नाही. मुद्दाम केलेला बदल.

म्हणजे बग नाही. पण हे मला ऑक्टोबरात, चालू कामात, पहाटे कळलं असतं.

रात्रपाळी | २५ ऑगस्ट, सकाळी ८:१४

म्हणजे एवढे लोक, आख्खा रविवार, आणि सापडलं शून्य?

वारजेकर | २५ ऑगस्ट, सकाळी ८:२०

मी बीटाचा विरोधक होतो, लक्षात आहे ना? मला शून्य सापडलं म्हणूनच आता जरा धीर आलाय. पोटातला गोळा अर्धा झालाय. अर्धा आहे अजून.

टेकडीवाला | २५ ऑगस्ट, सकाळी ९:३०

@रात्रपाळी, बहुतेक चाचण्यांत शून्यच सापडतं. ज्यांना सापडतं ते बग कळवायच्या फॉर्मवर लिहितात, आणि त्यांची नावं रिलीज नोट्सच्या शेवटी येतात, कोड लिहिणाऱ्यांच्याच यादीत, वर्णानुक्रमे. वर-खाली काही नाही. पुण्यातल्यांची नावं त्यात दिसतात, पण जवळपास सगळी कोड लिहिणाऱ्यांची. वापरून कळवणारे आपल्याकडे फार थोडे.

कळवायचं तर 'स्लो झालं' एवढंच लिहू नका. टेबलाची रचना, क्वेरी, दोन्ही आवृत्त्यांवरचं एक्सप्लेन ॲनालाइज (क्वेरी कशी चालली त्याचा तपशील), ओएस, आणि शक्य असेल तर खोटा डेटा बनवून तीच चूक पुन्हा दाखवणारी छोटी स्क्रिप्ट. अशी स्क्रिप्ट असली की पलीकडचा माणूस लगेच कामाला लागतो. नसेल तर चार मेल प्रश्न विचारण्यात जातात.

मुठाकाठ | ५ सप्टेंबर, सकाळी १०:००

काल आरसी १ आला. त्यावर पुन्हा सगळं चालवलं, व्याज, ताळेबंद, थकबाकी यादी. जुन्या आणि नव्याचे आकडे पैशापर्यंत जुळतात.

खवट_पेठकर | ५ सप्टेंबर, सकाळी १०:०७

उद्या विसर्जन. लक्ष्मी रोडवरची मिरवणूक आधी संपते की १८ आधी बाहेर पडतो, पैजा लावा.

अनघा_डीबीए | २५ सप्टेंबर, रात्री ९:१५

१८ आला. मिरवणूक जिंकली, थोडक्यात.

रात्रपाळी | २५ सप्टेंबर, रात्री ९:४८

अभिनंदन सर्वांचं. १८.१ नोव्हेंबरात, १८.२ फेब्रुवारीत. माझी तारीख ठरली. पण चेकवाली तपासणी मात्र आज चालवली, चेकसमवर अडकली. मुठाकाठ, तुमचा २४ ऑगस्टचा प्रतिसाद कामी आला.

बिटबुचकळ्या | २६ सप्टेंबर, दुपारी १२:३०

एक शंका. १३ वरून थेट १८? की मध्ये १५, १७ करत जायचं?

टेकडीवाला | २६ सप्टेंबर, दुपारी १:०५

थेट. पीजी_अपग्रेड ९.२ पासून पुढचं काहीही घेतं. फक्त मधल्या सगळ्या आवृत्त्यांच्या रिलीज नोट्समधला 'मायग्रेशन' भाग वाचायचा, १४ ते १८, पाचही. उदाहरणार्थ १५ पासून नव्या डेटाबेसमध्ये पब्लिक स्कीमात (टेबलांच्या सामायिक कप्प्यात) डेटाबेसच्या मालकाशिवाय इतरांना परवानगी दिल्याखेरीज टेबल बनवता येत नाही. अपग्रेड केलेल्या जुन्या डेटाबेसमध्ये जुनीच परवानगी राहते, पण कोरा डेटाबेस काढून त्यात डंप (डेटाचा काढलेला उतारा) ओतणाऱ्यांना ठेच लागते.

विदाराखण | २६ सप्टेंबर, दुपारी १:४०

आणि पासवर्ड. जुन्या रोलचे (वापरकर्त्यांचे) पासवर्ड एमडी५ या जुन्या पद्धतीत असतील तर बघा, तसा पासवर्ड घालताना १८ नापसंतीचा इशारा देतो, पुढे कधीतरी ते काढणार आहेत. स्क्रॅम या नव्या पद्धतीवर न्या. पण त्याआधी तुमचा जुना जेडीबीसी किंवा ओडीबीसी ड्रायव्हर (प्रोग्रामला डेटाबेसशी जोडणारा) स्क्रॅम ओळखतो का ते बघा, नाहीतर काउंटरवरचं लॉगिनच बंद व्हायचं.

मुठाकाठ | २६ सप्टेंबर, रात्री ८:२५

ड्रायव्हर तपासले. एका संस्थेत काउंटरच्या दोन यंत्रांवर फारच जुना निघाला, तो सोमवारी बदलतोय. पहिलं खरं अपग्रेड ५ ऑक्टोबरच्या रविवारी, सगळ्यात लहान संस्थेपासून. १३ ची डेटा डिरेक्टरी महिनाभर तशीच ठेवणार आहे, त्यामुळे लिंक पर्याय (जुन्याच फाइली नव्यासाठी वापरणारा) न वापरता कॉपीच. डिस्कला जागा आहे. वारजेकर, येणार का?

वारजेकर | २६ सप्टेंबर, रात्री ८:३१

येतो. ॲनालाइज मी चालवणार, कोणी हात लावायचा नाही.